बाळाचं पहिलं वर्ष आणि घरची वही

पगारदार माणसाला बाळाच्या खर्चाचा अंदाज बांधणं त्या मानानं सोपं. महिन्याला अमुक येणार, त्यातले तमुक बाजूला ठेवायचे. जुन्नर-आंबेगावातल्या बहुतेक घरांना असा महिना नसतोच. दुधाचा पगार दहा दिवसांनी, उसाचे पैसे कारखान्याच्या हिशेबानं, कांद्याचे बराखी फोडल्यावर, आणि टोमॅटोचे नारायणगावच्या बाजारात त्या दिवशी क्रेटला जो भाव निघेल त्यावर. पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरच्या अंगाला, भात आणि हिरडा. ते सरलं की खाली उतरून मजुरी.

म्हणून बचत गटाच्या बैठकीत कुणी बाळंतपणासाठी कर्ज मागितलं की रक्कम विचारण्याआधी मी विचारते, "दिवस कधी भरतात?" बायका हसतात. पण सगळा हिशेब तिथेच आहे. डोंगरातल्या घरात श्रावण-भाद्रपदात बाळ झालं, तर कणगीतला तांदूळ तळाला गेलेला असतो आणि नवं भात निघायला दोन महिने असतात. तेच बाळ दिवाळीनंतर झालं, तर घरात निदान धान्य असतं. पूर्व भागात कांदा बराखीत असताना बाळ आलं, तर हाताशी ऐवज आहे खरा, पण घाईनं विकला तर भाव जातो. तेव्हा वर्षाच्या वहीत बारा रकाने आखण्यापेक्षा पैसे येण्याचे तीन-चार हंगाम लिहावेत आणि त्यांच्यामध्ये पडणारे कोरडे महिने लाल पेन्सिलीनं रंगवावेत. बाळंतपणाची पुरचुंडी त्या लाल महिन्यांसाठी.

आता खर्च. सासूबाई म्हणतात, "ताई, लंगोटाला काय पैसं लागत्यात व्हय? जुनी लुगडी फाडली की झालं." त्यांचं खरं आहे. कुंची, दुपटी, अंगडी, गोधडी यांनी कुणाचं घर बुडत नाही. डायपर मात्र मोजावा. एक समजा दहा रुपयांचा आणि दिवसाला सहा लागले, तर महिन्याचे अठराशे झाले. प्रवासाला आणि रात्रीला एखादा वापरा, बाकी लंगोट उत्तम.

सगळ्यांत मोठा खर्च दुकानात होतच नाही, त्यामुळे तो कुणी लिहीत नाही. तो म्हणजे आईची बुडालेली हजेरी. समजा, खुरपणी-तोडणीची हजेरी तीनशे रुपये आणि महिन्याला वीस दिवस काम. सहा महिने ती घरी राहिली तर छत्तीस हजार रुपये गेले. हा आकडा वहीत दिसला की घरातली माणसं गप्प होतात. तो दिसत नाही म्हणून ओली बाळंतीण दोन महिन्यांत टोमॅटोच्या तोड्यावर जाते आणि बाळ वरच्या दुधावर पडतं.

कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना प्रसूतीचा भत्ता मिळावा, म्हणून मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडली होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदाही झाला. पुढे १९६१ चा केंद्राचा कायदा आला. २०१७ पासून नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे. शेतावर रोजानं जाणारीला यातलं काही नाही. तिच्यासाठी आहे ती मातृवंदना योजना. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत. गरोदरपणी वेळेत नोंदणी आणि तपासणी झाली की ३,०००. जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. दुसरी मुलगी झाली तर एकदम ६,०००. पाच हजार म्हणजे वरच्या हिशेबानं सोळा-सतरा दिवसांची हजेरी. अपुरे आहेत, पण सोडू नयेत. अर्ज अडतो तो बहुधा नावावर. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. हे तिसऱ्या महिन्यातच सारखं करून घ्यावं, बाळ मांडीवर घेऊन चकरा माराव्या लागत नाहीत.

वरच्या दुधाचाही हिशेब सांगते. चारशे ग्रॅमचा पावडरचा डबा तीन-चार महिन्यांच्या बाळाला चार दिवस जेमतेम पुरतो. डबा चारशे रुपयांचा धरला तरी महिन्याला तीन हजार झाले. मग काय होतं? चार दिवसांचा डबा आठ दिवस पुरवला जातो, दूध पातळ होतं आणि बाळाचं वजन हटतं. त्यापेक्षा तीन हजार आईच्या ताटावर खर्च करा. भाकरी, डाळ, अंडी, पालेभाजी, हाळिवाचे लाडू. सहा महिने बाळाला दुसरं काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. आदिवासी पट्ट्यातल्या अंगणवाडीत २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला, आणि बाळंतिणीला सहा महिने, एक वेळचं गरम जेवण आहे. तिथे जायला कमीपणा कसला?

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात, तर सिझेरियनसुद्धा फुकट, औषधं, तपासण्या आणि जेवणही. २०११ पासून ही सोय आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं, तर सरकारी दवाखान्यातले उपचारही तिच्यातच येतात. लसी तर सगळ्याच फुकट. खासगीत जायचं तर जरूर जा, पण सिझेरियनचं बिल टोमॅटोच्या एका तोड्यात भागत नाही, हे आधी बोलून घ्या.

आणखी एक गंमत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे डिंकाचे लाडू, बाळंतविडा, बारसं, सगळं माहेरच्या वहीत. सासरी वाटतं, बाळाला खर्चच आला नाही! मुलीच्या बापानं मात्र शेकडा दोन महिना व्याजानं दहा हजार उचललेले असतात. वर्षाला व्याजच चोवीसशे. माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही घरांनी सातव्या महिन्यात एकत्र बसावं. ओटी भरायला जमतातच की सगळे! सोन्याचे मणी, चांदीचे वाळे राहिले तरी चालतील. याच तालुक्यात शिवनेरीवर १६३० साली पाळणा हलला, त्याची बरोबरी करायला कुणी सांगितलेलं नाही.

मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असलं, तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडी ताईंकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी ती आहे. जन्मानंतर ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्यानं अठराव्या वर्षापर्यंत मिळून १,०१,००० रुपये.

या सगळ्याला जन्माचा दाखला लागतो. नोंद २१ दिवसांत फुकट होते. पण ती बाळ जिथे जन्मलं तिथे होते, तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत नव्हे. मंचरला जन्मलेल्या बाळाचा दाखला आहुप्याच्या ग्रामसेवकाकडे मागून मिळणार नाही. दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या. आणि तेव्हा नाव ठरलेलं नसतं, म्हणून दाखल्यावर तो रकाना रिकामा राहतो. बारसं झाल्यावर नाव घालून घ्या. बारा महिन्यांच्या आत त्याला पैसे पडत नाहीत.