भाड्याची मोटार आणि कराराची भाषा

आपल्याकडे भाड्याची गाडी म्हटले की बहुधा गाडीबरोबर चालकही येतो. युरोपात तसे नाही. तेथे प्रवाशाच्या हाती केवळ किल्ली येते आणि तिच्याबरोबर सर्व जबाबदारीही येते. ही जबाबदारी करारपत्रात आणि रस्त्यावरील पाट्यांवर लिहिलेली असते. ती वाचता आली नाही, तर आनंदाच्या प्रवासाचा मोठा भुर्दंड भरावा लागतो. इटलीतील पिसा या शहराच्या उदाहरणावरून हा व्यवहार समजून घेऊ.

पिसा हे तस्कनी प्रांतातील सुमारे ९० हजार वस्तीचे शहर आहे. इ. स. ११७३ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या कलत्या मनोऱ्यामुळे ते जगभर परिचित आहे. शहर पायी पाहता येते. फ्लॉरेन्स व लुका ही जवळची शहरे आगगाडीने जोडलेली आहेत. परंतु सान जिमिन्यानोसारख्या टेकडीवरच्या गावाला रेल्वे स्थानक नाही. अशा ठिकाणी जाण्यासाठी अनेक प्रवासी मोटार भाड्याने घेतात.

त्यासाठीची तयारी भारतातच करावी लागते. इटलीत भारतीय वाहन परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही आवश्यक असतो. तो आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मूळ परवाना सोबत नसेल, तर त्याचा उपयोग होत नाही. शिवाय गाडी ज्याच्या नावे घ्यायची, त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड बहुतेक कंपन्या मागतात. अनामत रक्कम त्या कार्डावर काही काळ अडकवून ठेवली जाते.

यानंतर करारपत्र समोर येते. भाड्यात विमा समाविष्ट असला, तरी गाडीचे नुकसान झाल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च ग्राहकानेच सोसायचा असतो. ही मर्यादा अनेकदा शेकडो युरोंची असते. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग यांना पुष्कळदा विम्याचे संरक्षण नसते. म्हणून सही करण्यापूर्वी मर्यादेचा आकडा विचारावा. गाडीवरचा प्रत्येक ओरखडा नोंदवून घ्यावा आणि चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. इंधन कोणत्या पातळीपर्यंत भरून परत करायचे व परतीची वेळ कोणती, हेही पाहावे; उशीर झाल्यास पूर्ण दिवसाचे भाडे लागू शकते.

रस्त्यावर आल्यावर पाट्यांची भाषा सुरू होते. इटलीत वाहने उजव्या बाजूने चालतात. सामान्यतः वेगमर्यादा वस्तीत ताशी ५० किलोमीटर, वस्तीबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९० आणि द्रुतगती महामार्गावर १३० किलोमीटर असते. पिसा, लुका, फ्लॉरेन्स यांसारख्या शहरांच्या जुन्या भागांत ‘झोना आ त्राफिको लिमितातो’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. लाल कडेच्या पांढऱ्या गोल पाटीने त्याची सीमा दाखवलेली असते. अरुंद गल्ल्या व जुन्या वास्तू यांना वाहनांच्या गर्दीपासून जपणे हा त्यामागील हेतू आहे. तेथे अडथळा नसतो, पोलीसही उभा नसतो. कॅमेरा मात्र गाडीचा क्रमांक टिपतो.

अनेक प्रवेशस्थानी ‘व्हार्को आत्तीव्हो’ अशी प्रकाशित अक्षरे दिसतात. त्यांचा शब्दशः अर्थ ‘प्रवेशद्वार कार्यरत’ असा होतो. नवखा प्रवासी ते खुले आहे असे समजून आत जातो. प्रत्यक्षात कार्यरत असतो तो कॅमेरा, आणि विनापरवाना प्रवेश निषिद्ध असतो! दंडाची नोटीस प्रवासी घरी परतल्यावर अनेक महिन्यांनी येते. परदेशी रहिवाशाला ती पाठवण्यासाठी इटलीचा कायदा ३६० दिवसांची मुदत देतो. चालकाचे नाव पोलिसांना कळवल्याबद्दल भाडे कंपनीही वेगळे शुल्क आकारते. त्यामुळे गाडी जुन्या शहराबाहेरच्या वाहनतळावर ठेवून पायी आत जाणे उत्तम. लुका शहराचा जुना भाग तटबंदीने वेढलेला असल्याने ही सीमा तेथे सहज ओळखता येते.

पेट्रोलपंपावरही एक शब्द फसवतो. ‘गाझोलिओ’ हा शब्द ऐकून पेट्रोलाची आठवण होते. पण त्याचा अर्थ डिझेल असा आहे. पेट्रोलाला तेथे ‘बेन्झिना’ म्हणतात. चुकीचे इंधन भरल्यास इंजिन बिघडते आणि तो खर्च सहसा विम्यातून मिळत नाही.

परक्या देशाची संपूर्ण भाषा थोड्या दिवसांत शिकता येत नाही. मात्र आपल्या कामाचे पाच-दहा शब्द आधी माहीत करून घेता येतात. न समजलेल्या कलमाचा अर्थ निःसंकोचपणे विचारता येतो. अर्थ कळल्याशिवाय सही करू नये, हा नियम पिसा येथील मोटारीला लागू आहे, तसाच आपल्या गावातील घरभाड्याच्या आणि कर्जाच्या कागदालाही लागू आहे.