भरतीच्या वेळेने चालणारी भटकंती

मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की त्यांच्या हाती ठरलेली यादी असते. कळंगुट, बागा, आग्वादचा किल्ला, जुने गोवे आणि सायंकाळी मांडवीतील नौकाविहार. दोन दिवसांत ही यादी संपते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते हमखास विचारतात, ‘तुम्ही गोवेकर सुट्टीच्या दिवशी जाता तरी कुठे?’ या प्रश्नाचे खरे उत्तर एखाद्या ठिकाणाचे नाव सांगून पुरे होत नाही. खाडीकाठी वाढलेला माणूस आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहतो, आज तिथी कोणती हे शोधतो आणि मगच ‘दिवाडीला जाऊ’ किंवा ‘आज नको, अष्टमीनंतर पाहू’ असे सांगतो. पाहुण्यांना याची गंमत वाटते. पण गोमंतकाच्या किनारपट्टीवर पाहण्यासारखे जे काही आहे, त्यातील बरेचसे दिवसातून ठरावीक वेळीच दिसते आणि ती वेळ पाणी ठरवते.

तिथी आणि पाणी

चोवीस तासांहून थोड्या अधिक काळात समुद्र दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाण येते. त्या दिवसांत आपल्याकडे भरती-ओहोटीच्या पातळ्यांत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी ना फार चढते, ना फार उतरते.

ढोबळ हिशेब असा : अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती मध्यान्ह आणि मध्यरात्रीच्या आसपास, बहुधा थोडी आधीच येते. साहजिकच त्या दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास पाणी ओसरलेले असते आणि वाळू दूरवर उघडी पडते. अष्टमीला याच्या उलट, सूर्यास्ताच्या वेळी पाणी चढलेले असते. नदीच्या आतल्या गावांत हीच वेळ थोडी उशिराने येते, कारण लाटेला तिथवर पोहोचायला अवधी लागतो. मांडवीत ही चढउतार पार गांज्यापर्यंत जाणवते. म्हणजे समुद्रापासून कित्येक कोस आत राहणाऱ्या शेतकऱ्याचा दिवसही समुद्रच आखून देतो. नेमकी वेळ मात्र भरतीच्या छापील तक्त्यावरूनच घ्यावी, विशेषतः होडीने जायचे असेल तेव्हा.

फेरीबोटीचा धक्का

सर्वांत सोपी सहल पणजीच्या वेशीवरच सुरू होते. पणजीहून रायबंदरला जाणारा दगडी मार्ग व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिस याच्या कारकिर्दीत, 1633-34 मध्ये उभा राहिला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा पूल दलदलीवर उभा आहे. खालच्या कमानींतून भरतीचे पाणी आजही आत-बाहेर करते. आपण रोज त्यावरून वाहन हाकत जातो आणि आपण पुलावर आहोत हेच विसरून जातो. एखाद्या रविवारी पहाटे तो पायी चालून पाहावा.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण आणि दिवाडी या दोन्ही बेटांकडे फेरीबोटी सुटतात. पादचाऱ्याला तिकीट नाही. पैलतीर गाठायला काही मिनिटेच लागतात, पण तेवढ्या वेळात शहराचा आवाज मागे पडतो. चोडणच्या धक्क्यालगतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे आहे, आणि जवळजवळ सारेच खारफुटीचे. होडीने आतल्या चिंचोळ्या वाटांत शिरायचे असेल तर भरतीच हवी. एरव्ही होडी चिखलात रुतते. उलट, चिखलात चोच खुपसून भक्ष्य शोधणारे पाणपक्षी आणि चिखलावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या पाहायच्या असतील तर ओहोटी गाठावी. एकाच जागी दोन वेगळ्या वेळी गेले, तर दोन वेगळी ठिकाणे पाहिल्यासारखे वाटते.

दिवाडीचे आकर्षण वेगळे आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या बेटावर होते. देऊळ पाडले गेल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेण्यात आला आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. दिवाडीहून नार्व्याला फेरीबोटीने जाताना आपण तीच नदी ओलांडतो. शाळेच्या पुस्तकातील एक परिच्छेद त्या दहा मिनिटांत डोळ्यांपुढे उभा राहतो.

बांधावरची दुपार

माझी स्वतःची आवडती जागा मात्र एखाद्या खाजनाचा बांध ही आहे. दिवाडी, चोडण, कुंभारजुवे, भोम, दुर्भाट, आगशी, कुठेही जा. रस्त्यावरून खाली उतरले की भातशेती आणि नदी यांच्यामध्ये मातीचा बांध लागतो. गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर जमीन खाजनाची असल्याचे मानले जाते. ही जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. पूर्वजांनी खारफुटीच्या दलदलीला बांध घालून ती मिळवली आणि गावच्या गावकरीने शतकानुशतके सांभाळली.

या बांधातील सर्वांत चतुर वस्तू म्हणजे मानस. बांधाला ठेवलेल्या दारात लाकडी झडपा बसवलेल्या असतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देते तेव्हा झडपा आपोआप मिटतात आणि खारे पाणी बाहेरच राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब वाढतो, झडपा उघडतात आणि शेतातले पाणी नदीत वाहून जाते. ना यंत्र, ना वीज. पावसाळ्यात मातीतला खार धुऊन निघतो आणि खाऱ्या जमिनीलाही न जुमानणारे कोरगुट भात तिथे उभे राहते. पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की कोळंबी, शेवटे, कुर्ल्या मिळतात. एकाच जमिनीतून भातही आणि मासळीही.

गेल्या पौर्णिमेला एका पाहुण्याला दुपारी तीनच्या सुमारास मानशीवर नेले. प्रथम त्याला काहीच दिसेना. मग झडप किंचित हलली, फटीतून पाण्याची एक रेघ निघाली आणि पाहता पाहता पाणी घुमत बाहेर पडू लागले. खंड्या येऊन खांबावर बसला, बगळे काठावर रांगेने उभे राहिले. अर्ध्या तासात त्याने एकदाही मोबाइल बाहेर काढला नाही. परतताना त्याने विचारले, ‘हे बांधले कोणी?’ मला एका माणसाचे नाव सांगता आले नाही. ते साऱ्या गावाने बांधले होते.

भोम, दुर्भाट या परिसरात पौष महिन्याच्या अमावास्येला ‘मानगे थापणी’ होते. खाजनात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात आजही मगरी आहेत. बांधाचे रक्षण तिनेच करावे, अशी ही प्रार्थना. जिची भीती वाटते तिलाच राखणदार नेमणे, यात खाजनकरांचे सारे शहाणपण आले.

मीठ आणि वाळू

पाऊस सरल्यावर मिठागरांचे दिवस येतात. आगरवाडा, नेरूल, रायबंदर या भागांत उधाणाचे पाणी आत घेऊन ते वाफ्यावाफ्यांतून फिरवतात. उन्हाने पाणी आटते आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे जमतात. फेब्रुवारी ते मे हा खरा हंगाम. सायंकाळी पोहोचलात तर लाकडी दांड्याने मीठ ओढताना मिठागरकर दिसतील आणि बांधावर पांढरे ढीग. घरी परतताना एक पिशवी जाडे मीठ अवश्य घ्यावे. कैरीच्या लोणच्याला तेच लागते आणि माडाच्या मुळाशी घालायलाही तेच.

समुद्रकाठ मी शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांच्या परिचयाचा. तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. झुआरीच्या मुखाजवळील चिखलीच्या उपसागरात काचेसारख्या पातळ शिंपल्यांचे जीव वाढतात. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत तावदाने म्हणून याच शिंपल्या बसवत. आता हा जीव कायद्याने संरक्षित आहे. तेव्हा ओहोटीला किनाऱ्यावर फिरावे, पाहावे आणि हात रिकामेच ठेवून परतावे. दुसरी गोष्ट मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांची. नोव्हेंबर ते मार्च या काळात तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडतात. पाण्यावरच्या अंधूक उजेडाकडे झेपावण्याची त्यांची उपजत प्रवृत्ती असते. म्हणूनच किनाऱ्यावरचा झगझगीत दिवा त्यांना उलट दिशेला, मृत्यूकडे नेतो. तिथे रात्री जायचे ते वनखात्याच्या माणसांबरोबर आणि विजेरी घरी ठेवूनच.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात किनारा विसावतो. तेव्हा समुद्रात उतरू नये. बांधावर मात्र छत्री घेऊन जरूर जावे. मानस सर्वाधिक राबते ती याच महिन्यांत.

आपण गेलो नाही तर

हे सारे सांगण्यामागे केवळ सहलीची हौस नाही. कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कूळ संघांकडे आली. तरुण शेती सोडून गेले. कुठे बांधाला पडलेले भगदाड वेळेत बुजवले गेले नाही, तर कुठे मासळीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. एकदा का खार शेतात शिरला की ती जमीन पुन्हा पिकती व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. दरम्यान तिथे खारफुटी उगवते, पुढे कोणी ‘पडीक जागा’ म्हणून भराव टाकू लागतो. मिठागरांचीही हीच कथा.

बांध फुटतो तो पहिल्या दिवशी हाताच्या पंजाएवढ्या भोकातून. ते भोक कुर्लीने पाडलेले असते आणि पूर्वी ते पहिल्यांदा दिसायचे ते बांधावरून रोज चालणाऱ्याला. आज रोज चालणारे उरले नाहीत. महिन्यातून एकदा तिथून चालत जाणारे आपण तरी असावे. येत्या पौर्णिमेला दुपारचे जेवण लवकर आटोपा, मुलांना बरोबर घ्या आणि जवळच्या खाजनाच्या बांधावर जाऊन उभे राहा. झडप उघडते का ते पाहा. उघडली नाही, तर पंचायतीत जाऊन विचारा, का उघडली नाही.