रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय!

‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय,’ डॉक्टर फाइलकडे बघत म्हणाले.

‘चला, सुटलो बाई!’ आई म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

ही गोष्ट २०१८ची. म्हणजे कोविडच्या आधीची, जेव्हा ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने घरोघरी धडकी भरत नव्हती. बाबांच्या गालाच्या आत एक जखम होती, महिना उलटला तरी भरत नव्हती, म्हणून बायॉप्सी. आईच्या हिशेबाने पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. डॉक्टरांनी नुसती मान वर केली असती तरी त्यांना गडबड कळली असती. पण तोवर पुढचा पेशंट दारात उभा होता. मग जे त्यांनी सांगायचं, ते मी आईला सांगितलं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, दोन कटिंग चहा समोर ठेवून. मी तेव्हा मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. ‘इफेक्टिव्ह कम्युनिकेशन’ नावाचा पेपर होता मला!

एक सांगायला हवं, ते डॉक्टर वाईट नव्हते. ऑपरेशन त्यांनी झकास केलं, बाबा आज ठणठणीत आहेत. फक्त ‘कॅन्सर आहे’ हे माणसाला कसं सांगायचं, हे त्यांना बहुधा कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्या ऑफिसात साधा ई-मेल कसा लिहावा यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, वर सामोसे मिळतात. डॉक्टरांचं काय?

पेशंट तोंड उघडतो, तेव्हा डॉक्टर त्याला किती वेळ बोलू देतात? १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकन संशोधकांनी चक्क मोजलं. ७४ भेटींच्या रेकॉर्डिंग्ज ऐकल्या. सरासरी निघाली १८ सेकंद. ऑफिसची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आपलं म्हणणं कापलेलं! डॉक्टरांची भीती एकच, बोलू दिलं तर हा थांबायचाच नाही. मग २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी उलटा प्रयोग केला. मध्ये बोलायचं नाही, गुपचूप स्टॉपवॉच लावायचं. ३३५ पेशंट. सरासरी ९२ सेकंद, आणि चारातले तीन जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. बस्स, एवढंच.

अर्थात, स्वित्झर्लंडचं स्वित्झर्लंडमध्ये. आपल्याकडे ओपीडीबाहेर रांग जिन्यापर्यंत आणि आत छत्तीस तास न झोपलेला रेसिडेंट. जगभरच्या आकड्यांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देत होते, भारतात जेमतेम दोन. त्या दोनमधली दीड पेशंटला देऊन टाका असं त्या रेसिडेंटला कुठल्या तोंडाने सांगायचं?

रडण्याची अॅक्टिंग

तरी शिकवता येतं, हे मात्र नक्की. लॉस एंजेलिसमधले न्यूरॉलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये एक भन्नाट आयडिया काढली, खोटा पेशंट. म्हणजे धडधाकट माणसाला आजार ‘पाठ’ करायला लावायचा आणि विद्यार्थ्यांनी त्याला तपासायचं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण पुढे हीच पद्धत जगभर गेली. तुमचा एखादा डॉक्टर मित्र अमेरिकेला गेला असेल तर त्याला विचारा. २००४ पासून कोविड येईपर्यंत तिथे लायसन्ससाठी एक परीक्षा द्यावी लागायची. एका दिवसात बारा खोटे पेशंट, प्रत्येकी पंधरा मिनिटं. दारावर टकटक केली का, नाव सांगितलं का, पेशंट रडवेला झाल्यावर काय केलं, सगळ्याचा हिशेब. आपली हुशार मुलं विमानाचं तिकीट काढून ही परीक्षा द्यायला जायची आणि सहानुभूतीची वाक्यं पाठ करायची. २०२१ मध्ये ती कायमची बंद झाली.

पाठ केलेली सहानुभूती म्हणजे नाटक, असं मलाही वाटायचं. आता वाटत नाही. टाके घालणंही आधी उशीवर घोटूनच येतं ना? वाईट बातमी कशी सांगावी याची एक सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांनी मांडली, तिचं नाव स्पाइक्स. त्यातलं बरंचसं अगदी साधं आहे. खुर्ची ओढून बसा. फोन गप्प करा. बातमी सांगितल्यावर तुम्हीही जरा गप्प बसा. पण मला आवडते ती दुसरी पायरी. स्वतः काही सांगायच्या आधी पेशंटला विचारा, तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय? हा एक प्रश्न विचारला असता, तर आमच्या घरातला तो ‘सुटलो बाई’ टळला असता. आपल्याकडे तर त्याची जास्तच गरज, कारण डॉक्टर सगळं शिकतो इंग्रजीत आणि बोलायचं असतं माझ्या आईशी.

२०१९ पासून आपल्या एमबीबीएसमध्येही हे आलंय. ‘एटकॉम’ नावाचा अभ्यासक्रम, त्यात २७ मॉड्यूल्स. पहिल्याच वर्षी ‘पेशंट असणं म्हणजे काय’ असा विषय असतो, आणि विद्यार्थ्यांनी वॉर्डात जाऊन पेशंटशी गप्पा मारायच्या असतात. कल्पना छानच. पण फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजात २००९ मध्ये असं दिसलं, की विद्यार्थ्यांमधली सहवेदना घसरते ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षी ते खऱ्या अर्थाने पेशंटमध्ये वावरायला लागतात. वर्गात शिकलेलं वॉर्डात सीनियर्सना बघून पुसलं जातं. त्यामुळे माझं मत विचाराल तर ही मॉड्यूल्स आधी हेड ऑफ डिपार्टमेंटना द्यावीत. हसू नका, सीरियसली म्हणतेय.

नळ सोडायचा

त्याच हॉस्पिटलात, ऑपरेशननंतर महिन्याने, आम्ही फॉलोअपला गेलो. मोठे डॉक्टर थिएटरमध्ये अडकलेले. समोर एक रेसिडेंट मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाबांना तोंड उघडण्याचा व्यायाम दिला होता, दिवसातून पाच वेळा, नाहीतर जबडा आखडतो. आम्ही दोघी घरी पहारा ठेवून होतो. पट्टीने मोजलं तर तोंड पूर्वीइतकंही उघडत नव्हतं. आता ओरडा बसणार, या तयारीने बाबा बसले होते.

तिने पायाने स्टूल जवळ ओढलं, बसली आणि म्हणाली, ‘काका, घरी कसं चाललंय ते सांगा.’

बाबा बोलायला लागले. खिचडीचा कंटाळा, शेजारच्यांचे सल्ले, झोप. आई त्यांना कोपराने ढोसत होती, डॉक्टरांना वेळ नाही म्हणून. त्या मुलीने हातानेच आईला थांबवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दीड मिनिट होऊन गेलं. मग बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले, ‘डॉक्टर, तो व्यायाम मी पंधरा दिवस केलेलाच नाही. फार दुखतं. बाथरूममध्ये जातो, नळ सोडतो आणि पाच मिनिटांनी बाहेर येतो.’

आईने माझ्याकडे बघितलं.

‘किती दुखतं?’ त्या मुलीने विचारलं. ‘आधी कुठे दुखतं, ते दाखवा बघू मला.’