सोवळे सुटले कसे?

मंडळी, अमक्याने धर्म बदलला म्हणजे तो माणूसच बदलला, असे आपण सहज बोलून जातो. डोक्यावर पाणी पडले, चर्चच्या वहीत नाव चढले, की काम झाले! ख्रिस्ती माणसाला विचाराल तर तो सांगेल, काम तिथून सुरू होते. शुभवर्तमानात ‘पश्चात्ताप’ हा शब्द वरचेवर येतो. आपण त्याचा अर्थ हळहळणे, रडणे असा घेतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र मन पालटणे असा आहे. आता मन काही अंगरखा नव्हे, उलटा करून घातला की झाले! येशूने देवाच्या राज्याला खमिराची उपमा दिली आहे. एका बाईने पिठात खमीर मिसळले आणि हळूहळू सगळे पीठ फुगून आले. आपल्याकडे आंबोळीचे पीठ घरोघर भिजवतात, तेव्हा हे काही फोड करून सांगायला नको. पीठ आंबताना आवाज होत नाही, आणि घाई करून ते आंबतही नाही.

हे असे आंबणे एका मराठी घरात कसे झाले, ते आज सांगणार आहे. घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. परंतु मी बोलणार आहे ते मुख्यतः लक्ष्मीबाईंविषयी.

टिळकांची हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. त्याने हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर ते तिथेच खिळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरच्यांवर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन चार वर्षांहून अधिक काळ नवऱ्यापासून दूर, आपल्या माणसांत राहिल्या. सगळ्यांच्या लेखी नवरा जिवंत असून गेल्यासारखाच. त्या दिवसांत त्या बाईच्या मनाचे काय झाले असेल, याची आपण कल्पनाच करावी.

पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे घेऊन आल्या! आणि ते सोवळेही साधेसुधे नव्हते, बरे का. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला त्यांचा जन्म. वडील इतके कडक, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतल्यावर उरते किती, हे घरातल्या बायकांनाच ठाऊक! अशा घरातली ही मुलगी. नवऱ्याच्या घरीही तिची चूल वेगळी, पाणी वेगळे.

आता टिळकांचा स्वभाव मोठा तापट. घरातला पैसा आणि धान्य ते कोणाला उचलून देतील, याचा नेम नसे. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त हे सारे मोकळेपणाने लिहिले आहे, हसत हसत लिहिले आहे. बाप्तिस्म्यानंतर दुसऱ्या दिवशी तो ताप उतरला, असे काही झाले नाही. पण सोवळ्याच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिचे वेगळेपण त्यांनी चालू दिले. मला विचाराल तर, टिळकांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा हे मोठे. ज्याला आपले खरे आहे असे मनापासून वाटते, त्याला वाट पाहणे फार जड जाते. आम्हा शिक्षकांना हे चांगले कळते. उत्तर आपल्याला येत असते आणि पोर अजून बोटे मोजत असते!

मग एकदा लक्ष्मीबाई एकट्या बसून विचार करू लागल्या. जाती केल्या कोणी? देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर गाय आणि घोडा जसे पाहताक्षणी वेगळे ओळखू येतात, तशी माणसेही अंगावरूनच वेगळी दिसली असती. तसे तर काही दिसत नाही. मग हे माणसाचेच काम! विचार एवढाच. यात ना ग्रीक, ना संस्कृत. पण त्या ज्या ठाम निश्चयाने उठल्या, तो कायमचा. यापुढे कोणाच्याही हातचे खाईन, पिईन, असे त्यांनी टिळकांना सांगून टाकले. टिळकांना किती आनंद झाला, ते पुस्तकातच वाचावे.

लक्षात घ्या, पाण्याचा प्रश्न आधी सुटला, बाप्तिस्मा मागाहून, 1900 च्या सुमारास झाला. नोंदवहीचा क्रम उलटाच म्हणायचा! आणि त्यानंतरही खमिराचे काम थांबले नाही. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. तो पूल त्यांनी पाडला नाही. कीर्तन आणि भजन त्यांनी चर्चमध्ये नेले. पुढे लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहिल्या.

1919 साली टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळख नसलेल्या, आणि पुढेही जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या बाईने ते पुढे चालवले. 1936 साली त्याही गेल्या, आणि 1938 साली ते छापून निघाले.

‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या कपाटात असेल, तर जातीच्या विचाराचा तो भाग वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. मी दाखवला होता. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग त्यांनी पहिल्यांदा पाणी कोणाच्या हातचं घेतलं?” वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या गावात तेव्हा दोन पाणवठे होते.