डिगलीपूर : कासवांच्या वेळेने चालणारा किनारा

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाची सहल बहुधा ठरलेली असते. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक व्हायचं, हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा, नीलला एक चक्कर मारायची आणि परतीचं विमान पकडायचं. यात वावगं काही नाही. पण पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, सुमारे ३०० किलोमीटर उत्तरेला डिगलीपूर आहे. तिथवर फार थोडे पर्यटक पोचतात. खरं अंदमान बघायचं असेल, तर माझ्या मते ते तिथेच आहे.

तिथे जायला अंदमान ट्रंक रोड. पहाटेची बस धरली तरी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. वाटेत जिरकाटांगला सगळ्या गाड्या थांबतात आणि ठरलेल्या वेळी पोलीस बंदोबस्तात, एकामागोमाग एक सोडल्या जातात, कारण पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. इथे गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. हा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता, तरी वाहतूक चालू आहे. ‘जारवा दिसतील का?’ असं चालकाला विचारणारे प्रवासी आजही भेटतात. कृपा करून ते विचारू नका. जारवांच्या घरातून आपण जात असतो, तेव्हा नजर खाली ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

डिगलीपूर गाव साधंच आहे: बाजारपेठ, भातशेती, सुपारीच्या बागा आणि कानावर सतत पडणारी बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या गेल्या. कालीघाट, सुभाषग्राम ही आसपासच्या गावांची नावं त्यांनीच आणलेली. जेवणात भात आणि मासे, म्हणजे कोकणी माणसाचे हाल होणार नाहीत.

गावापासून थोड्या अंतरावर कालीपूरचा किनारा आहे. फोटोत बघून कुणी भुलेल असा तो नाही. वाळू राखाडी आहे, पाण्यालाही राधानगरसारखी निळाई नाही. पण ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि अवाढव्य लेदरबॅक अशा चारही जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तो हा किनारा. चारही जातींनी निवडलेला असा किनारा जगात क्वचितच सापडतो. ऑलिव्ह रिडले सर्वांत जास्त येतात, मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीत. लेदरबॅक मात्र नशिबानेच दिसतं.

रात्री वनखात्याच्या माणसाबरोबर किनाऱ्यावर चालायचं. उजेड लागलाच, तर लाल कागद लावलेल्या बॅटरीचा. वनखात्याचा माणूस समुद्राकडे बघत नाही, वाळूकडे बघतो. कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा एकाआड एक, तिरप्या उमटल्या असतील तर रिडले किंवा हॉक्सबिल. दोन्ही बाजूंना सारख्या, समोरासमोर असतील तर हिरवं कासव किंवा लेदरबॅक. माग सापडला की बोलणं बंद. मादी मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते. एक वल्हं वाळू उचलून बाजूला टाकतं, मग दुसरं, आणि हे सगळं ती मागे न बघता करते. खड्डा सुरईच्या घाटाचा होतो, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. त्यात शंभराच्या आसपास अंडी पडतात, मऊ कवचाची, ओलसर पांढरी. मग ती खड्डा बुजवते आणि वाळूवर डावीकडे-उजवीकडे अंग आपटून जागा घट्ट करते. त्याचा धप धप आवाज पायांखाली जाणवतो. ते चालू असताना एकानेही फ्लॅश मारला, तर पाण्यातून वर येऊ पाहणारी पुढची मादी बिथरून परत फिरू शकते.

कुत्री, रानडुकरं आणि घोरपडी अंडी उकरतात म्हणून वनखातं ती उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त, असा हा हिशेब आहे, आणि तापत्या हवामानात तो बिघडण्याची भीती खरी आहे. कोकणात वेळासला ज्यांनी पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आहेत, त्यांना हे सारं ओळखीचं वाटेल.

एरियल बे जेट्टीवरून होडीने रॉस आणि स्मिथ बेटांवर जाता येतं. (पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस वेगळं.) ओहोटीला दोन्ही बेटांना जोडणारा पांढऱ्या वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि दोन्ही बाजूंना समुद्र ठेवून चालत पलीकडे जाता येतं. भरती आली की पट्टा पाण्याखाली जाऊ लागतो. अंदमानात याच्याइतकं देखणं ठिकाण मी पाहिलेलं नाही. तिथे वाळूमाश्या चावतात, तेव्हा अंगभर कपडे हवेत. शंखशिंपले आणि प्रवाळ उचलू नका. तो गुन्हा आहे.

कालीपूरच्या किनाऱ्यामागे सॅडल पीक उभं आहे, ७३२ मीटर, अंदमान-निकोबारमधलं सर्वांत उंच शिखर. लामिया बेपासून वाट आधी गोट्यांच्या किनाऱ्याने आणि मग दाट जंगलातून चढते. जाऊन-येऊन सुमारे १६ किलोमीटर. दमट हवेत दम निघतो, म्हणून पहाटेच निघावं.

रामनगरजवळच्या चुनखडीच्या गुहांत पाकोळ्या निव्वळ लाळेची घरटी बांधतात आणि अंधारात टिकटिक आवाज करून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. या घरट्यांच्या सूपसाठी चिनी बाजारात मोठी किंमत मिळते, त्यामुळे इथली घरटी बेसुमार लुटली गेली. सॅकॉन संस्थेचे पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी वनखात्याच्या साथीने घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार केलं आणि पाकोळ्या पुन्हा वाढल्या. आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवरही याच कुळातल्या पाकोळ्या आहेत आणि चोरी तिथेही झाली आहे. माणसाची रोजीरोटी सांभाळून पक्षी वाचवता येतो, हे या गुहांत दिसतं. म्हणून मला शिखरापेक्षा त्या मोलाच्या वाटतात.

एक सूचना गंभीरपणे घ्या. इथल्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्यांनी माणसं मारली आहेत. जिथे पाटी लावली आहे तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नका. स्थानिकांना विचारल्याशिवाय तर कुठेच नको.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. रॉस-स्मिथ आणि सॅडल पीकसाठी वनखात्याची परवानगी लागते, ती आधी घ्या. दौऱ्यात दोन दिवस मोकळे ठेवा, कारण समुद्र खवळला की होडी सुटत नाही आणि कासव येईलच याची हमी कुणी देत नाही. एका रात्रीसाठी एवढा प्रवास करण्यापेक्षा हॅवलॉकलाच राहिलेलं बरं. सवड काढून जाणार असाल, तर मात्र डिगलीपूर चुकवू नका.