जुन्या टॅबवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकायची? आधी कुलूप समजून घ्या

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब आता बऱ्याच घरांत कपाटावर पडून आहेत. स्क्रीन चांगली, बॅटरी बऱ्यापैकी, पण अपडेट बंद. मग कोणीतरी ‘कस्टम रॉम’चा व्हिडिओ बघतं आणि मला मेसेज करतं. पनवेलमध्ये ओळखीच्यांचे मोबाइल, टॅब मी हौसेने बघून देतो, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो. एकदा नीटच लिहून टाकतो.

खरा टॅब समोर ठेवून बोलू. खांदा कॉलनीतल्या एका मुलाकडे सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए७ आहे. २०२० साली आलेला, १०.४ इंची स्क्रीन, ३ जीबी रॅम, वायफायवाला. अँड्रॉइड १० वर आला आणि कंपनीकडून अँड्रॉइड १२ पर्यंत गेला, तिथे थांबला. मुलगा सीईटीची तयारी करतोय. पीडीएफ वाचायच्या, लेक्चर बघायची, एवढंच काम. "दादा, नवीन घ्यायला बाबा तयार नाहीत, यालाच काहीतरी कर ना," असं त्याचं म्हणणं.

सगळ्यांचा पहिला गैरसमज असा की कॉम्प्युटरसारखा पेनड्राइव्ह लावला की झालं. तसं होत नाही. लॅपटॉप चालू झाला की माझ्यात अमुक डिस्क आहे, तमुक स्क्रीन आहे, हे तो ऑपरेटिंग सिस्टमला स्वतःच सांगतो. म्हणून एकच लिनक्स हजार लॅपटॉपवर चालतं. टॅबमध्ये अशी ओळख करून द्यायची पद्धत नसते. स्क्रीन कोणत्या तारेवर, टच कोणत्या चिपचा, वायफाय कुठलं, ही सगळी माहिती सिस्टममध्ये आधीच लिहून ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक मॉडेलची फाइल वेगळी. टॅब ए७ मध्येसुद्धा वायफायवाला एसएम-टी५०० आणि सिमवाला एसएम-टी५०५ यांच्या फाइली वेगळ्या आहेत. ‘सेमच आहे रे’ म्हणून मित्राची फाइल टाकू नका.

दुसरी गोष्ट कुलपाची, आणि ती समजायला थोडं मागे जाऊ. आठवतोय का ‘आकाश’ टॅब? सरकारी योजनेतला स्वस्त टॅब. त्याची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली आणि तिचं काम पवईला आयआयटी मुंबईकडे होतं. ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४.०, सरकारी खरेदीचा भाव २,२६३ रुपये. लोकांनी त्याची भरपूर चेष्टा केली. पण त्याच टॅबवर आयआयटीच्या टीमने पूर्ण लिनक्स चालवून दाखवलं, आणि तेही एसडी कार्डावरून! त्यातली ऑलविनर कंपनीची चिप चालू होताना आधी एसडी कार्डात काही आहे का ते बघायची, मगच आतल्या मेमरीकडे वळायची. कार्ड घातलं की लिनक्स, काढलं की पुन्हा अँड्रॉइड. आतल्या एका फाइलीलाही धक्का नाही.

आजच्या टॅबमध्ये ही सोय मिळत नाही. चालू होताना ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम पहिला जागा होतो आणि पुढच्या सिस्टमवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासतो. सही नसेल तर पुढे जाऊच देत नाही. याला कंपन्यांची निव्वळ दादागिरी म्हणणं बरोबर नाही. टॅब चोरीला गेला तर चोराने दुसरी सिस्टम टाकून तुमचे फोटो बघू नयेत, यासाठीही ते कुलूप आहे. म्हणूनच बूटलोडर अनलॉक केला की आतला सगळा डेटा पुसला जातो. फोटो, नोट्स, डाउनलोड, सगळं. आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

आता अनलॉक केल्यावर काय जातं ते बघू, कारण व्हिडिओवाले हा भाग पळवतात. सॅमसंगमध्ये ‘नॉक्स’ नावाची सुरक्षा आहे आणि तिच्यासाठी चिपमध्ये एक बारीक फ्यूज असतो. परकी सिस्टम टाकली की तो उडतो आणि पुन्हा जोडता येत नाही. नंतर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकलंत तरी सिक्युअर फोल्डरसारख्या गोष्टी कायमच्या गेल्या. बँकेची आणि यूपीआयची ॲप गूगलच्या तपासणीला विचारतात, हे डिव्हाइस विश्वासाचं आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर त्यातली बरीच चालत नाहीत. नेटफ्लिक्ससारख्या ॲपमध्ये व्हिडिओची क्वालिटी खाली येऊ शकते. ‘हे अमुक ट्रिकने लपवता येतं’ असं कोणी सांगेल. आज लपेल, पुढच्या अपडेटला पकडलं जाईल. त्या पाठशिवणीत मी पडत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्या मोबाइलवर तुमचं यूपीआय आणि आईबाबांच्या बँकेचे ओटीपी येतात, त्याला हात लावायचा नाही. कपाटावरच्या टॅबवर खुशाल करा. खांदा कॉलनीच्या टॅबमध्ये बँकेचं एकही ॲप नव्हतं, म्हणून आम्ही पुढे गेलो.

आम्ही निवडली लिनिएज ओएस. सायनोजेनमॉड हा जुना प्रसिद्ध प्रकल्प २०१६ च्या शेवटी बंद पडला, त्यातूनच ही उभी राहिली. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात, पैसे लागत नाहीत. त्यांच्या साइटवर प्रत्येक मॉडेलचं स्वतंत्र पान असतं आणि टॅब ए७ चं आहे. उबंटू टच किंवा पोस्टमार्केट ओएससुद्धा आहेत, पण ते लिनक्सच्या घरातले. आपल्या क्लासची ॲप तिथे सरळ चालत नाहीत, म्हणून परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला मी ते सुचवणार नाही.

काम साधारण असं चालतं. आधी कंपनीचा शेवटचा अपडेट टाकून घ्यायचा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायचं. टॅब बंद करून दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरायची आणि कॉम्प्युटरची केबल लावायची. इशाऱ्याचा स्क्रीन येतो, तो वाचा. तिथे अनलॉक केलं की टॅब कोरा होतो. मग लिनिएजची रिकव्हरी टाकायची आणि तिच्यातून मुख्य फाइल. प्ले स्टोअर हवं असेल तर गूगल ॲपचं पॅकेज त्याच बैठकीत, नवी सिस्टम पहिल्यांदा चालू करायच्या आधी टाकायचं. नंतर टाकलं तर गोंधळ होतो आणि पुन्हा सगळं पुसावं लागतं. बारीक तपशील मी मुद्दाम देत नाही, ते तुमच्या मॉडेलच्या पानावरूनच घ्या. दोन गोष्टी मात्र माझ्याकडून: केबल चांगली, डेटावाली घ्या, आणि डेस्कटॉप असेल तर लाइट जाण्याची भीती नसलेली वेळ निवडा. आम्ही लॅपटॉप वापरला, तोही फुल चार्ज करून.

आता त्या टॅबवर अँड्रॉइड १२ च्या पुढची आवृत्ती आहे. कंपनीची फालतू ॲप गेली, सुरक्षेचे अपडेट पुन्हा येऊ लागले. पण रॅम ३ जीबीच आहे, जड गेम आधीही अडकत होते, आताही अडकतात. आणि चिपच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर जुनंच राहतं, ते लिनिएजवाल्यांच्या हातात नाही. रोज टॅब चालू करताना ‘बूटलोडर अनलॉक आहे’ असा इशारा दिसतो. त्याच्या आईला वाटलं, व्हायरस आला. समजावून सांगावं लागलं.

तुमचं मॉडेल यादीत नसेल, किंवा ‘ओईएम अनलॉकिंग’चा पर्यायच दिसत नसेल, तर तिथेच थांबा. अनोळखी टेलिग्राम ग्रुपवरची फाइल टाकू नका, तिच्यात काय भरलंय हे तुम्हाला कळणार नाही. त्यापेक्षा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट करा, नको ती ॲप डिसेबल करा, बँकेचं काहीही त्यात ठेवू नका आणि पीडीएफ वाचायला वापरा. एवढ्यावर तो अजून दोन परीक्षा सहज काढेल.