तळाच्या जागेचा हिशेब

फुटबॉलच्या लीगमध्ये एकाच वेळी दोन शर्यती चालतात. एक पहिल्या जागेसाठी, दुसरी शेवटची जागा टाळण्यासाठी. हंगाम संपताना गुणतालिकेच्या तळाशी राहिलेले संघ पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळतात आणि तिथले पहिले आलेले संघ त्यांच्या जागी वर येतात. याला रेलिगेशन किंवा पदावनती म्हणतात. प्रेक्षकांत मात्र ‘संघ खाली गेला’ एवढेच बोलले जाते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात आणि शेवटचे तीन खाली जातात. जर्मनीत १८ संघांपैकी शेवटचे दोन थेट जातात, तर सोळाव्या संघाला खालच्या लीगमधल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते.

क्रिकेटच्या प्रेक्षकाला हा नियम रणजी करंडकातून ओळखीचा आहे. २०२३-२४ मध्ये एलिट गटाच्या तळाशी राहिलेला गोव्याचा संघ पुढच्या हंगामात प्लेट गटात खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर त्याने अरुणाचल प्रदेशाला ८४ धावांत बाद केले आणि मग गोव्याच्या दोन फलंदाजांनी तिसऱ्या गड्यासाठी ६०६ धावांची अखंड भागीदारी केली. विक्रम झाला, पण समोर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. खाली जाण्याची ही पहिली किंमत. फुटबॉलमध्ये तिच्यावर पैशाची किंमत चढते. टीव्हीच्या हक्कांतून मिळणारा वाटा आटतो, चांगले खेळाडू दुसरीकडे जातात, प्रायोजक हात आखडता घेतात. हा धक्का सोसता यावा म्हणून इंग्लंडमध्ये खाली गेलेल्या क्लबला काही वर्षे भरपाईची रक्कम दिली जाते. तरीही एकदा घसरलेला क्लब लगेच सावरेल याची खात्री नसते.

महाराष्ट्रात फुटबॉलवर पेठांनी जीव टाकावा असे शहर एकच, कोल्हापूर. तिथले संघ तालमींच्या आणि मंडळांच्या नावाने खेळतात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कुस्तीसाठी कोल्हापूरच्या तालमीतच घडले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, हे मराठवाड्याला माहीत आहे. त्याच तालमींनी आपल्या गल्लीतल्या पोरांना फुटबॉलही दिला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरिष्ठ गट आणि त्याखालचे गट अशी उतरंड आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांचे लक्ष दुसऱ्या कशात नसते. तिथे समोरच्या पेठेचा संघ खाली जाण्याचा धोका हा घराघरातल्या चर्चेचा विषय होतो, कारण तो संघ शेजारच्या गल्लीत राहतो आणि त्याचा समर्थक रोज चहाच्या टपरीवर भेटतो. ही ईर्षा कधी मैदानाबाहेर हाणामारीपर्यंत गेली आहे, आणि तेवढ्यापुरता खेळाचा तोटाच झाला आहे.

प्रतिस्पर्धी क्लब वाचेल की जाईल याचा अंदाज समर्थक कसा बांधतात? आधी सरळ बेरीज होते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. समजा प्रतिस्पर्ध्याचे ३३ सामन्यांत २४ गुण आहेत आणि पाच सामने उरले आहेत. सगळे जिंकले तर तो ३९ वर जाईल. त्याच्या वरच्या, सुरक्षित जागेवरच्या संघाचे ३० गुण आहेत. त्या संघाने प्रत्येक सामन्यात एकच गुण मिळवला तरी तो ३५ वर पोहोचतो. म्हणजे खालच्या संघाला त्याच्या पुढे जायला पाचपैकी चार विजय हवेत. ३३ सामन्यांत २४ गुण मिळवणाऱ्या संघाची सरासरी सामन्याला एक गुणही नाही. त्याने शेवटच्या पाचांत चार जिंकावेत ही फार मोठी अपेक्षा आहे. कागदावर शक्यता उरते, मैदानावर ती जवळजवळ संपलेली असते. समर्थकांच्या चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत सर्वात जास्त होते.

दुसरा प्रश्न सुरक्षित रेषेचा. इंग्लंडमध्ये ४० गुण झाले की क्लब वाचला असा जुना ठोकताळा आहे. तो खात्रीचा नाही. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेला. उलट २०२३-२४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३२ गुणांवर वाचला, कारण त्याच्या खालच्या ल्युटनचे २६ च झाले. लातूर आणि नांदेडमध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. कट-ऑफ आधी ठरलेला नसतो, इतरांच्या गुणांवर तो वरखाली होतो. तळाच्या संघाचेही तसेच आहे. आपण किती मिळवले याइतकेच बाकीच्यांनी किती गमावले हे महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट उरलेल्या सामन्यांची यादी. जाणकार समर्थक गुणांपेक्षा तिच्याकडे आधी बघतो. शेवटचे सामने पहिल्या चार संघांशी आहेत की मधल्या जागांवर निवांत बसलेल्यांशी? घरी किती, बाहेर किती? तळाच्याच दोन संघांची गाठ पडली तर तो ‘सहा गुणांचा सामना’ ठरतो. जिंकणाऱ्याला तीन मिळतात आणि तेच तीन हरणाऱ्याच्या हातून जातात. गुण सारखे झाले तर इंग्लंडमध्ये गोलफरक बघतात, क्रिकेटमधल्या नेट रनरेटसारखा. स्पेनमध्ये आधी त्या दोन संघांमधल्या सामन्यांचा निकाल पाहिला जातो. त्यामुळे हरताना किती गोलांनी हरलो हेही मे महिन्यात अंगावर येऊ शकते. इंग्लंडने १९८१ मध्ये विजयाचे गुण दोनवरून तीन केले, तेव्हापासून शेवटच्या आठवड्यांतली उडी अधिक मोठी झाली. २०१४-१५ मध्ये लेस्टर सिटी २९ सामन्यांनंतर १९ गुणांवर, अगदी तळाशी होता. उरलेल्या नऊपैकी त्याने सात जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि ४१ गुणांवर हंगाम संपवला. पुढच्या वर्षी हाच क्लब इंग्लंडचा विजेता झाला. कागदी शक्यतेवर विश्वास ठेवणारे समर्थक आजही हेच उदाहरण देतात आणि त्यांचे चूक नाही. फक्त असे उदाहरण क्वचित घडते म्हणूनच लक्षात राहिले आहे.

शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल पाहून कोणी आपला खेळ ठरवू नये. इंग्लंडमधली दुपारची चारची वेळ मे महिन्यात भारतात रात्री साडेआठची असते. नांदेड-लातुरात त्या रविवारी टीव्हीवर एक सामना आणि मोबाइलवर दुसऱ्याचा धावता निकाल असे बघणारे तरुण असतात. त्यांच्या वडिलांच्या पिढीने ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेटचे समालोचन ऐकले, तसेच हे.

१५ मे २००५ चा दिवस या सगळ्याचा नमुना आहे. वेस्ट ब्रॉमविच, साउदॅम्प्टन, क्रिस्टल पॅलेस आणि नॉर्विच या चारांपैकी एकच वाचणार होता आणि सकाळी वेस्ट ब्रॉमविच सर्वात खाली होता. त्याने पोर्ट्समथला २-० ने हरवले. पॅलेसला शेजारच्या चार्ल्टनने अखेरच्या मिनिटांत २-२ वर रोखले. साउदॅम्प्टन मँचेस्टर युनायटेडकडून हरला, नॉर्विचने फुलहॅमकडून सहा गोल खाल्ले. ३४ गुणांवर वेस्ट ब्रॉमविच वाचला. नाताळला तळाशी असूनही वाचलेला प्रीमियर लीगमधला तो पहिला क्लब. त्या दिवशी पोर्ट्समथचे समर्थक स्वतःचा संघ हरत असताना आनंदाने नाचत होते. त्यांचा पराभव म्हणजे जुना वैरी साउदॅम्प्टनची २७ वर्षांनंतर पहिल्या दर्जातून एक्झिट होती.

वैऱ्याच्या पतनाचा आनंद किती टिकतो, याचे उत्तर इंग्लंडच्या ईशान्येत मिळते. ११ मे २०१६ रोजी संडरलंडने एव्हर्टनला ३-० ने हरवून आपली जागा वाचवली आणि त्याच निकालाने न्यूकॅसल खाली गेला. वर्षभरात न्यूकॅसल परत वर आला आणि संडरलंड खाली गेला. २०१८ मध्ये तो आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या दर्जात पोहोचला. या दोन शहरांतली लीगमधली लढत त्यानंतर अनेक वर्षे झालीच नाही. ब्यूनस आयर्समध्ये २६ जून २०११ रोजी रिव्हर प्लेट इतिहासात पहिल्यांदा घसरला. तिथे एका वर्षाचे नव्हे, तीन हंगामांचे सरासरी गुण मोजत, त्यामुळे धोका कित्येक महिने आधीच दिसत होता आणि त्याच शहरातल्या बोका ज्युनियर्सचे समर्थक दुसऱ्या श्रेणीचे अक्षर ‘बी’ लिहिलेल्या भुताच्या वेशात रिव्हरला चिडवत होते. रिव्हर एका वर्षात परतला. तो नसलेल्या हंगामात बोकाच्या समर्थकांना लीगमध्ये वर्षाचा सर्वात मोठा सामना मिळाला नाही. प्रतिस्पर्धी खाली जावा असे म्हणणाऱ्याला तो खरे तर समोर हवा असतो, फक्त हरलेला.

आपल्याकडे हा अनुभव सर्वात तीव्र गोव्याने आणि मुंबईने घेतला. २००७-०८ मध्ये देशाची तेव्हाची अव्वल लीग असलेल्या आय-लीगच्या पहिल्या हंगामात वास्कोचा साळगावकर क्लब घसरला, परत वर आला आणि २०१०-११ मध्ये विजेता ठरला. नियम प्रामाणिकपणे चालला की असे होते. गोव्याच्याच धेंपो क्लबच्या वाट्याला हे आले नाही. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलेला हा क्लब २०१४-१५ मध्ये खाली गेला, तेव्हा तळाशी पुण्याचा भारत एफसी होता. उद्योगसमूहांना थेट प्रवेश देताना त्यांच्या क्लबना काही वर्षे पदावनतीतून सूट दिलेली होती, म्हणून तळाचा राहिला आणि त्याच्या वरचा गेला. धेंपोने पुढच्या हंगामात दुसरी श्रेणी जिंकून दाखवली, पण २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीग सोडली.

त्यांच्या रिकाम्या जागेने एक वेगळीच गोष्ट घडवली. २०१५-१६ मध्ये मिझोरमचा ऐझॉल क्लब खाली गेला होता. गोव्याचे संघ निघून गेल्यामुळे त्याला परत घेतले गेले. त्याच सुमारास मुंबई एफसीने प्रशिक्षक खालिद जमील यांना सोडले. २००९ पासून तुटपुंज्या पैशांत त्यांनी हा संघ दरवर्षी तळापासून वाचवला होता. मुंबईतल्या कूपरेज मैदानाच्या प्रेक्षकांना विजेतेपद कधी मिळाले नाही, पण वर्षाच्या शेवटी जागा टिकलेली असायची, आणि त्या कामाची किंमत बाहेरून पाहणाऱ्यांना कळत नव्हती. जमील ऐझॉलला गेले. २०१६-१७ मध्ये ऐझॉल देशाचा विजेता झाला आणि मुंबई एफसी शेवटच्या जागेवर राहून खाली गेला. त्यानंतर तो क्लब बंदच पडला. २०२५ मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली ती पदावनतीशिवाय. गुंतवणूकदाराला पहिली काही वर्षे निर्धास्त राहता यावे हे कारण समजण्यासारखे होते. पण त्याचा परिणाम हंगामाच्या अखेरच्या सामन्यांत दिसतो. बाद फेरीची आशा संपलेल्या दोन संघांना जिंकण्याचे कारणच उरत नाही, मोकळ्या खुर्च्या वाढतात आणि समर्थकांना मोजायला काही राहत नाही. तळाच्या अर्ध्या लीगचा जीव पदावनतीच्या नियमात असतो. २०१९ मध्ये आखलेल्या आराखड्यानुसार आय-लीगचा विजेता सुपर लीगमध्ये वर येऊ लागला: २०२३ मध्ये पंजाब एफसी, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. त्याच आराखड्यात २०२४-२५ पासून तळाच्या संघाने खाली जावे असेही ठरले होते. त्या हंगामात मोहम्मेडन स्पोर्टिंग १३ संघांत शेवटचा आला. तो खाली गेला नाही.